गावठी गुलाबाच्या काडीसाठी दिंद्रुडला

माझा गुलाब वाळला तेव्हा सांगायला गल्लीत माणूस नव्हतं. दिवाळी झाली की आमच्या चकलांब्यातनं टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुलगा-सून गेले, शेजारचे गेले. मागं राहिलो आम्ही म्हाताऱ्या आणि टँकरसाठी ओळीत ठेवलेल्या घागरी. भांडी घासलेलं पाणी मी गुलाबाला घालायचे. पण भांडी एका माणसाची, त्यातनं पाणी निघून निघणार किती?

तुम्ही म्हणाल, नर्सरीतनं दुसरा आण. नर्सरीतला गुलाब दिसायला नवरदेव आणि वासाला कागद. माझा गावठी होता. रंग गुलाबी, पाकळ्या गच्च, काटे असे की मांजर फिरकायचं नाही. सकाळी दार उघडलं की आधी त्याचा वास आत यायचा, मग उजेड. गुलकंद करावा तर त्याचाच.

त्याची एक काडी मी सरूबाईला दिली होती. सरूबाई दिंद्रुडची. आम्ही दोघी एकाच टोळीत ऊस तोडायचो. काडीच्या बुडाला शेणाचा गोळा लावून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती, आणि लागली म्हणून तिचा निरोपही आला होता. पुढं दोघींचे गुडघे गेले, टोळी सुटली, भेटही सुटली. म्हणलं, आता हा गुलाब असला तर तिच्याच दारात असंल. कुलूप लावलं आणि निघाले.

चकलांब्याहून गेवराईला जीप. जीपवाला माणसं कडब्यासारखी रचतो.

"आजी, सरका जरा."

"सरकते की. खिडकीच्या भाईर बसू का?"

गेवराईहून माजलगावला एसटी. बाईमाणसाला अर्धं तिकीट आहे, जागा मात्र पूर्ण अडवावी लागते. जाणाऱ्यांनी पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी. माजलगाव जवळ आलं की आमच्या कोरडवाहू डोळ्याला हिरवं बघायची सवय. ह्या खेपेला ऊस कमरेएवढासुद्धा नव्हता, आणि तोही जनावरांच्या छावणीकडं चाललेला. धरणात पाणी कुठं आहे ते बोट दाखवून सांगावं लागत होतं.

स्टँडाबाहेर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, आणि भजे खाल्ले. वीस-तीस रुपयांत पोट भरतं. मुरमुरे मऊ होते, मिरची खरी होती. तिथनं दिंद्रुडची गाडी धरली.

सरूबाईचं घर रानातच आहे. लांबून बघितलं तर ओळीनं गुलाब. लाल, पिवळे, पांढरे. ती वाकून कायतरी मोडत होती. मला बघून कमरेवर हात ठेवला.

"काय गं, जित्ती हाईस व्हय अजून?"

"तुझ्या तेराव्याला जेवल्याबिगर जात न्हाई."

मग गळ्यात पडली. हाडं नुसती. माझीही तिला तशीच लागली असतील.

चहा झाल्यावर मी विषय काढला. "माझा गुलाब कुठंय?"

"त्येच तर हाय समदं," म्हणली.

गावातल्या काही जणांनी फुलांची सोसायटी काढली आहे. फुलं माजलगावला जातात. तिच्या दत्तानं, म्हणजे मुलानं, माझ्या गुलाबाच्या काड्या लावून लावून हे रान भरलं. गावठी झाड कमी पाण्यावर तगतं, म्हणून खोड त्याचं ठेवलं. मग सोसायटीचा माणूस येऊन डोळे भरून गेला. म्हणजे काय, तर खोडाची साल चिरायची, दुसऱ्या जातीचा डोळा आत बसवायचा, बांधायचं, आणि तो फुटला की वरचं मूळ झाड छाटायचं. म्हणजे पाय माझ्या गुलाबाचे आणि डोकं भलत्याचं.

"आन् खालनं फुटवा आला तर?"

"तर मोडायचा. ठिवला तर सगळी ताकद त्योच खातो, वरचा डोळा मरतो." बोलता बोलता तिनं एक कोवळा फुटवा मोडला आणि शेळीपुढं टाकला.

तीन गाड्या बदलून मी जे न्यायला आले होते, ते शेळी चघळत होती.

"एक तरी झाड कावून न्हाई ठिवलं तसंच?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"तुझ्याकडं हाय म्हणून!"

मी म्हणलं, "माझं वाळलं."

कोवळी काडी लागत नाही, निबर लागते. ऊन उतरल्यावर आम्ही सगळ्या ओळी धुंडाळल्या, एखादा जुना फुटवा चुकून राहिलाय का म्हणून. पण बाईचं काम चोख. टोळीतही हिच्या मागं उसाचं एक टिपरू सापडायचं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, थोडी आळशी असती तर बरं झालं असतं.

सकाळी तोंड धुवायला तिनं एक तांब्या दिला, त्यातच भागवलं. दुष्काळात कुणाच्या घरी आंघोळीचं पाणी मागू नये. बाहेर आले तर सरूबाई कात्री घेऊन कडेच्या झाडापाशी उभी. तीन कळ्या होत्या त्याला, लालभडक. डोळ्याच्या खालनं कचकन कापलं.

दत्ता धावत आला. "आई! चालू झाड हाय त्ये! सोसायटीला काय सांगू?"

"सांग, म्हातारीनं तोडलं. फाशी देत्यात का मला?"

"मावशी, तुमी तरी सांगा हिला."

"मी पाव्हणी हाय बाबा. घरच्यांत बोलत न्हाई."

सरूबाई उरलेल्या बुडख्याकडं बोट दाखवून म्हणाली, "आता हितनं जे यील ते तुझं. निबर झालं की कळविते." कापलेल्या कळ्या तिनं माझ्या पिशवीत कोंबल्या. वास घेऊन बघितला. कागद.

येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठं देवाला गेलता व्हय?"

"न्हाई, भांडायला."

ती जरा सरकून बसली.

घरी आले, कुलूप काढलं. खोलीत मी ठेवलं तसंच सगळं होतं, कुणी हलवायला नव्हतंच. पिशवीतल्या कळ्या वाटेतच सुकल्या, हात रिकामे. कुणी विचारलं की एवढं हिंडून काय आणलंस, तर दाखवायला काही नाही.

पण आता सरूबाईचा फोन येतो. फुटवा करंगळीएवढा झाला. त्याला काटे आले. दत्ता अजून फुगलेलाच आहे, पण ओंजळभर पाणी त्यालाही घालतो. एवढं सांगून झालं की मग गुडघ्यांवर येते, सुनेवर येते, अर्धा तास जातो. परवा म्हणाली, "काडी निबर झाली बघ. येतीस का न्यायला?"

मी म्हणलं, "घाई कशाला? आजून जरा होऊ दे."