हाडं धुणारी स्तामातिया

बंदरावरचं कुणीही मेलं, की तीन वर्षांनी त्याला स्तामातियाच्या हातांखालून जावंच लागायचं. मग तो जहाजांचा मालक असो की जाळी दुरुस्त करणारा. बेटावर माती थोडी आणि खडक फार. कबरीत तीन वर्षं राहायचं, मग उठून दुसऱ्याला जागा करून द्यायची. वर काढलेली हाडं वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची आणि नाव घातलेल्या पेटीत ठेवायची. हे काम बायकांचं, आणि स्तामातिया ते चाळीस वर्षं करत होती.

बाई भलती फटकळ. एका बड्या जहाजमालकाची कबर उघडली तेव्हा प्रेत जसंच्या तसं निघालं; बेटावर ही पाप्याची खूण मानत. सगळ्या गोतावळ्यासमोर तिनं सांगून टाकलं, "पुरा परत. माती घेत नाही याला." त्या घरानं दोन वर्षं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण तेव्हापासून स्तामातियाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ ठरला.

म्हणूनच मुलाची कबर उघडायच्या आदल्या दिवशी एवांथिया तिच्या दारात येऊन उभी राहिली. एवांथिया धक्क्यासमोरच्या तीन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायची. तिचा एकुलता एक मुलगा सारांदिस तीन वर्षांपूर्वी होडीसकट बुडाला. अकरा दिवसांनी उत्तरेच्या किनाऱ्यावर एक प्रेत लागलं. चेहरा उरलाच नव्हता. वय जुळतं, उंची जुळते, म्हणत अधिकाऱ्यानं तिची सही घेतली आणि बंद पेटी पुरली. त्या हिवाळ्यात समुद्र इतरांनाही बाहेर टाकत होता. पलीकडच्या किनाऱ्यावरून आसरा शोधत रबरी होड्यांत बसून निघालेली ती माणसं. त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती.

"तीन वर्षं मी त्या कबरीवर दिवा लावतेय," एवांथिया म्हणाली, "आणि तीन वर्षं वाटतंय, दुसऱ्याच कुणाला तरी लावतेय. उद्या तू बघशीलच. तो माझा आहे का, ते सांग. धीर द्यायला म्हणून खोटं नको हं."

"मी कधी कुणाशी गोड बोललेय?" स्तामातिया म्हणाली. "काय असेल ते तोंडावर सांगीन."

सकाळी एवांथियाला यायला उशीर झाला. खोलीतल्या पाहुण्यांना नेमकी आजच अंडी हवी होती आणि तीही अर्धी कच्ची. तोवर मिकेस कुदळ टेकून वाट बघत होता. कबरी खणणाऱ्या या माणसाची जीभ कधी गप्प बसायची नाही.

"मावशी, तुम्ही वाकताना गुडघे किती वाजतात हो! तुमचीच हाडं आधी गोळा करावी लागणार."

"तुझी गोळा करून मगच जाईन, मेल्या. खण."

पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. माती निघाली. एवांथिया पांढरं कापड पसरून बसली, पण खड्ड्याकडे पाठ करून. स्तामातिया एकेक हाड हातात घेऊ लागली. मेणासारखी पिवळी, स्वच्छ हाडं. अशी निघाली की घरच्यांना केवढा दिलासा मिळतो! मग डाव्या हाताचं हाड आलं आणि ती थांबली.

सारांदिस नऊ वर्षांचा असताना धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडला होता आणि त्याचा डावा हात मोडला होता. डॉक्टर तिसऱ्या दिवशी बोटीनं आला. त्यानं हाड बसवलं तेव्हा पोराला मांडीवर घट्ट धरून स्तामातियाच बसली होती. हात वाकडाच जुळला. पुढे जाळं ओढतानाही तो कोपराखाली बाहेर वळलेला दिसायचा.

तिच्या हातातलं हाड सरळ होतं. गाठ नाही, खूण नाही. तिनं उजवं पाहिलं, पुन्हा डावं पाहिलं. आता बोलायचं होतं. शब्द दिला होता.

"एवांथिया," ती म्हणाली.

एवांथिया वळली. ते हाड तिनं अलगद काढून घेतलं आणि त्यावरून अंगठा फिरवला, मनगटाकडून कोपराकडे. मध्यावर अंगठा थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा तिथेच थांबला. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"बघितलंस?" एवांथिया शेवटी म्हणाली. "मातीनं सरळ केला त्याचा हात." मग स्तामातियाच्या डोळ्यांत बघत तिनं विचारलं, "होतं ना गं असं? तू इतक्या जणांना बघितलंयस. होतं ना?"

चाळीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. होतही नाही.

"होतं," स्तामातिया म्हणाली. "होतं कधीकधी."

एवांथियानं ते हाड ओठांना लावलं आणि तीन वर्षांचं रडू एकदम रडली. स्तामातियानं भांड्यात वाइन ओतली आणि कुणा परक्या आईचा मुलगा धुवायला घेतला.