थोरल्या पिस्तुलाचा मान

मंडळी, आज शूटिंग रेंजवर माझा पार पोपट झाला, तरी मी नाचत घरी आलेय!

मला एअर पिस्तूल घ्यायचंय. पूर्ण लांबीचं की आखूड नळीचं, हे ठरावं म्हणून नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी दोन्ही घरी दिली होती. ऑर्डर आजच जायची होती.

सकाळी सावेडीच्या रेंजवर लांब पिस्तुलाचे सगळे छर्रे नेमाच्या कागदावरच्या काळ्या गोलाच्या खाली लागले. आखूडचे गोलात, पण विखुरलेले. "तुला लांब झेपत नाही गं, आखूडच घे," मैत्रीण म्हणाली. माझा जीव लांबवर जडलेला. रडूच यायला लागलं.

सरांनी कागद पाहिला. "अहो, खाली लागले, पण सगळे एका जागी! हात स्थिर आहे तुमचा." मग पिस्तूल डोळ्यांजवळ नेलं आणि हसतच सुटले. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी असते ना, तिच्यावर हळदीकुंकवाचा ढीग वाळला होता! माशी उंच झाली, म्हणून नेम खाली.

आज खंडेनवमी. स्वातंत्र्याच्या आधी जन्मलेली माझी आई तिसगावहून आलीय. पहाटेच तिनं दोन्ही पिस्तुलं पुजली होती. फोन केला, तर म्हणते, "थोरल्याला मान जास्त नको व्हय? धाकट्याला नुसतं बोट लावलं."

माशी पुसली. पुढचा छर्रा थेट मधोमध!

थोरलंच घेतलं. आईला सांगितलंय, कुंकू मुठीला लाव.

तुम्ही आज काय काय पुजलंत? आणि वापरायच्या आधी पुसलंत का?