शर्ट वाचला

आमच्या ह्यांच्या बोटांना गरम-गार कळत नाही. कुष्ठरोगाची औषधं पूर्ण होऊन, डॉक्टरांनी 'बरे झालात' म्हणून पंधरा वर्षं झाली, पण बोटं काही परत जागी झाली नाहीत. आणि माणूस धंदा कुठला करतो, तर इस्त्रीचा! कपाळ माझं. हातमोजा घाला म्हटलं की म्हणतात, "मग गिऱ्हाईक विचारतं, हाताला काय झालंय." म्हणून दुकान बंद केलं की मीच त्यांचे हातपाय उलटसुलट करून बघते, कुठे फोड आहे का, चीर आहे का. वर ह्यांची चेष्टा, "सापडलं का काही, हवालदारीणबाई?"

थोरल्या दिरांनी त्या आजारपणात ह्यांचं अंथरूण घराबाहेर टाकलं होतं. त्यानंतर कधी तोंड दाखवलं नाही. गेल्या महिन्यात मात्र आपण होऊन दुकानात आले, हातात पांढरा शर्ट. "उद्या निवृत्त होतोय. ऑफिसात समारंभ आहे. तू इस्त्री छान करतोस म्हणे." ह्यांना आकाश ठेंगणं झालं.

मी करते म्हटलं, तर शर्टाला हात लावू देईनात. कॉलर झाली, बाह्या झाल्या. मी शेजारी घड्या घालत होते. एकदम जळका वास आला.

"अगं, शर्ट जळाला!" हे केवढ्यांदा ओरडले. शर्ट पुढून बघितला, मागून बघितला. कुठे डाग नाही. मी बघितलं, तर डाव्या हाताच्या दोन बोटांची कातडी सोलून निघालेली.

"वाचला गं, शर्ट वाचला!" म्हणून हे हसले. मला रडूच फुटलं. नाही नाही ते बोलत मी त्यांचा हात पाण्याखाली धरला आणि पट्टी बांधली.

सकाळी दीर आले. पट्टी दिसली तसे पायरीवरच थांबले.

"पुन्हा सुरू झालं का रे?"

"नाही दादा, इस्त्रीचा चटका बसला."

"एवढं भाजेपर्यंत कोणी हात ठेवतं का?"

ह्यांनी पट्टीचा हात पाठीमागे घेतला. मीच म्हणाले, "भाऊजी, त्यांच्या बोटांना कळत नाही. रोग केव्हाच गेला. हवं तर डॉक्टरांना विचारा."

"राहू दे. शर्ट तुलाच ठेव. माझ्याकडे दुसरा आहे." एवढं बोलून ते निघालेसुद्धा. मी पायरीवर उभी राहून त्यांना असं सुनावलं की सगळ्या गल्लीने ऐकलं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

शर्ट खिळ्याला टांगलाय. धूळ बसली की हे धुतात, परत इस्त्री करतात. काल मी वैतागून म्हटलं, "घाला तरी एकदाचा! तुम्हालाच दिलाय ना?"

"दादाचा आहे गं," हे म्हणाले. "न्यायला आला तर?"