चांदीच्या जेलची पूजा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. मधुमेह जुना, पाय बधिर, आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यात उभ्याने गेलेली नोकरी. चंद्रपूरच्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले होते, जंतुसंसर्ग आवरला नाही तर अंगठा काढावा लागेल. मग म्हणाले, नवीन ड्रेसिंग येतंय, जेलचं, त्यात चांदी आहे.

मी वाचून घेतलं. पॉलिमरचं जाळं, त्यात भरपूर पाणी, त्या पाण्यात अडकलेले चांदीचे कण. कण इतके सूक्ष्म की चांदीचा रंगही उरत नाही. पट्टी कोऱ्या चहासारखी दिसते. जखम ओलसर राहते आणि चांदी हळूहळू सुटून जंतू मारते. एवढं मला पटलं. पटलं नाही ते त्या पट्ट्यांचं उद्घाटन.

बाबांना पहिला रुग्ण म्हणून रुग्णालयाच्या आवारातल्या मंडपात खाटेवर बसवलं. फोटोत जखम दिसावी म्हणून जुनी पट्टी सकाळीच काढली होती. रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष दुपार झाली तरी येईनात. माश्या मात्र वेळेवर आल्या. मी वर्तमानपत्राने त्या हाकलत बसलो.

"तुह्या मायच्या पायाले कधी तोरड्या केल्या नाई," बाबा म्हणाले, "अन् माह्या पायाले चांदी लावून राह्यले."

आमच्याकडे ट्रॅक्टर असो की झेरॉक्स मशीन, हळदीकुंकवाशिवाय चालू होत नाही. इथे तर सगळी पाकिटं कात्रीने फोडून पट्ट्या स्टीलच्या थाळीत पेढ्यांसारख्या मांडल्या होत्या. अध्यक्ष आले, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फरशीवर नारळ फोडला आणि त्याचं पाणी थाळीवर शिंपडलं. जेलचा गुणच पाणी पिण्याचा. पट्ट्या फुगू लागल्या, कुंकवाचा लाल ओघळ त्यांच्यात मुरला. एकीवर झेंडूची पाकळी होती आणि पाकळीवर मुंगी.

डॉक्टरांनी चिमट्याने नेमकी तीच उचलली.

"ही नको. बंद पाकीट आणा," मी म्हणालो.

"सगळेच पूजेत गेले ना भाऊ," डॉक्टर म्हणाले. " काळजी काऊन करता? चांदी हाय त्याच्यात, जंतू मरतेच."

"मुंगी तर जिवंत आहे."

"प्रसाद समजा," अध्यक्ष म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे वळले.

पट्टी लागली, फोटो निघाला. वॉर्डात परतताच मी सिस्टरांना ती काढायला लावली. सलाइनने धुतलेल्या जखमेतून गुलाबी पाणी ट्रेमध्ये उतरलं, त्यात खोबऱ्याचे कण. बाबा भिंतीकडे तोंड करून होते.

"देवाले वाह्यलेलं मले काऊन लावते?" एवढंच त्यांनी विचारलं.

बंद पाकिटं आली तोवर संसर्ग वाढून अंगठा काढून झाला होता. उरलेल्या जखमेवर त्या पट्ट्या लावल्या आणि ती भराभर भरली. जेल खरोखरच चांगलं होतं. मला शिसारी येते ती याचीच.

फोटो रुग्णालयाच्या दारात लावलेला आहे. मध्यभागी अध्यक्ष, हारासकट. खाली कोपऱ्यात एक पाय, पाचही बोटांचा.