कुंदाची वाईन आणि बांधावरचा राखणदार

रोह्याच्या बाजारात मी कडवे वाल घेत होते, तेव्हा आबांचा फोन आला. आबा म्हणजे कुंदाचे वडील. हा माणूस आपण होऊन कधी फोन करत नाही. "नंदे, कुंदा गेली गो," एवढंच म्हणाले... आणि फोन तसाच चालू राहिला. मागे त्यांच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता. वाल तिथेच टाकून मी पेणची एसटी पकडली. कुंदा आजारी होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, सगळं ठाऊक होतं. तरी मेलं मन काही ऐकत नाही.

आमची गाठ पडली ती रोह्याला, केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. दोघी नव्या, दोघी शिफ्टला घाबरणाऱ्या, वरशाला, रोह्याजवळच्या गावात, एकाच खोलीत राहणाऱ्या. ती पेणच्या खाडीकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. तिचं नाक म्हणजे काय सांगू! मी आमटीला फोडणी दिली की बाहेरून ओरडायची, "नंदे, हिंग जुना झालाय गो!" आणि खरंच जुना असायचा. या नाकापायी मी तिच्याशी किती भांडले असेन! पुढे तिने नोकरी करता करता आंबवण्याच्या शास्त्राचं शिक्षण घेतलं आणि एक दिवस जाहीर केलं की हिमाचलात द्राक्षाचे मळे आहेत, तिथे वाईन करायला चालले. मला वाटलं, थट्टा करतेय. ही पोरगी पौषात रोह्यातसुद्धा दोन गोधड्या घ्यायची!

पण गेली, आणि टिकली. मी एकदा तिच्याकडे जाऊन आले. केवढे ते डोंगर, आणि त्यांच्या अंगावर दगडी बांध घालून केलेल्या पट्ट्यांत वेली. द्राक्ष म्हणजे आपलं हिरवं लांबट नव्हे हो. करवंदाएवढं, काळंभोर, जाड सालीचं. दिवसा कातडी भाजेल असं ऊन, रात्री दात वाजतील अशी थंडी. "म्हणून तर रंग धरतं," कुंदा म्हणाली. एकेक द्राक्ष चावून बी बघायची, डोळे मिटायची, मग तोडणीचा दिवस ठरवायची. "आबा मिठागरात बोट बुडवून पाणी चाखतात ना, तेच करते मी. ते खारट चाखतात, मी आंबट." तोडणीच्या दिवसांत तिचे दात जांभळं खाल्ल्यासारखे असायचे, कारण दिवसभर वाईन तोंडात घोळवायची आणि थुंकायची. हाताखालची पहाडी माणसं तिला 'मॅडमजी' म्हणत आणि तिने मान हलवल्याशिवाय पिंपाला हात लावत नसत. माझी छाती अशी फुगली, की परतीच्या गाडीत अनोळखी बाईला धरून मी कुंदाचंच पुराण सांगत बसले.

इकडे गावात मात्र नाक कापलं म्हणत होते. नाक कापलं म्हणे! त्या नाकावर तर तिने नाव काढलं होतं. पण आबांचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा सख्खा भाऊ गावठी पिऊन तरणाताठा गेला. तेव्हापासून त्यांनी घरात बाटली येऊ दिली नाही. कुंदा दरवर्षी उन्हाळ्यात रजेवर यायची, आपल्या हातची एक लाल बाटली आणायची. आबा उंबऱ्यातच अडवायचे. "वाईन आहे आबा, दारू नाही." "दारू ती दारू!" मग ती बाटली वरशाला माझ्या कपाटात यायची. पाहुण्यांना आबा सांगायचे, लेक फळांच्या कंपनीत हाय. कुंदाला मानपत्रं मिळाली, परदेशातली माणसं तिची वाईन चाखायला आली, पण तिला एकच हवं होतं... आबांनी एकदा जिभेला लावून कशी झालीय ते सांगावं.

आणि मग त्या एका वर्षीची राखण आली. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून जो मोठा बांध आहे, त्याच्या राखणदार देवाला पेरणीआधी कोंबडा आणि दारू द्यायची रीत, तीच राखण. मान आबांच्या घराचा. स्वतः थेंब न घेणारा हा माणूस दरवर्षी देवाची बाटली मात्र बांधावरच्या बांधावर मागवून घ्यायचा. त्या वर्षी पोलिसांनी आसपासच्या सगळ्या भट्ट्या फोडल्या होत्या. कोंबडा तयार, नारळ तयार, दारू नाय! मी तेव्हा रजेवर आलेल्या कुंदाला भेटायला आबांकडे गेले होते. आबा ओटीवर आले, खांबाकडे बघत म्हणाले, "ती तुजी... हाय का गो?" यंदाची बाटली अजून तिच्या पिशवीतच होती.

बायकांनी बांधापाशी जायचं नसतं, म्हणून आम्ही लांब उभ्या. गावकीचे धाकूतात्या बाटली हुंगून खेकसले, "ह्याला वास तरी हाय का? हे सरबत! राखणदार कोपला नि बांध फुटला तर?" आता आली का पंचाईत! जन्मभर 'ही दारू नव्हे' म्हणून घसा कोरडा केलेली कुंदा पदर तोंडावर धरून उभी. तेवढ्यात आबा कडाडले, "सरबत? अस्सल दारू हाय! माझ्या लेकीनं केलीय, डोंगरावं!"

"तू चाखलीस कधी?"

सगळा गाव आबांकडे बघत होता. मग आबांनी तळहातावर थोडी ओतली, बोट बुडवलं आणि मिठागरातलं पाणी चाखावं तसं जिभेला लावलं. डोळे मिटले. मग तळहातावरची सगळी पिऊन टाकली.

"लागते रे!" म्हणाले. लोक फसकन हसले. मग आमच्या दिशेने वळून, एवढ्या लांबून ओरडले, "तुरट हाय गो कुंदे! पण खोट नाय!"

कुंदा तिथेच लहान पोरीसारखी रडली. मीही रडले, का लपवू? त्यानंतर राखणीला तिचीच बाटली जाऊ लागली. बांध काही फुटला नाही, म्हणून धाकूतात्याही कुरकुर विसरले.

अखेरचे दिवस ती आबांकडेच होती. ती गेल्यावर मुंबईहून काही लांबचे नातलग भेटायला आले. चांगली माणसं, पण बोलताना उगीच चाचरत होती. त्यातल्या बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुंदाताई तिकडे... फळांच्या कंपनीत होत्या ना?" वेळ निभावून न्यावी म्हणून मी मान हलवणार, तोच भिंतीला टेकलेले आबा ताठ झाले.

"फळांच्या नाय. दारू करायची माझी लेक," ते म्हणाले. "आमचा देव तिच्याच हातची पितो."