ज्याचं त्यानं थांबायचं

सूर्यभान पंतोजी तिवशाच्या वाटेवरच्या आमच्या गावी तीन वर्षं होते. विलायतेत कापसाला भाव चढलेला तो काळ. हाताशी आलेली पोरं कापूस वेचायला जात. शाळेत आम्ही चौदा उरलो होतो.

इतर शाळांत पोरं एका सुरात ओरडत. पंतोजींनी आमची चार-चारांची कोंडाळी केली. शेवटच्यात दोघंच. कोंडाळ्याच्या मधे मातीची पणती आणि प्रत्येकाच्या मुठीत सरकी. एकानं वाचायचं. वाचलेलं आपल्यालाच कळलं नाही असं वाटलं की थांबून पणतीत एक सरकी टाकायची, मागं जायचं, पुन्हा वाचायचं. बाकीच्यांनी टोकायचं नाही. ज्याचं त्यानं थांबायचं.

हे सोपं नाही. मी पुढं तीस वर्षं अमरावतीत कापसाच्या गाठी दाबल्या. गाठीत पोकळी राहिली तर बाहेरून दिसत नाही, दाबणाऱ्याच्या पायाला कळते. तो पाय तयार व्हायला मला दोन वर्षं लागली. आम्हा पोरांना वाचताना थांबायला वर्ष लागलं.

आमच्यात अब्दुल रहीम पिंजाऱ्याचा सत्तार सगळ्यांत पक्का होता. एकदा वाचता वाचता तो अडला. सरकी टाकली आणि स्वतःशीच म्हणाला, "हा मानूस नदीपार गेला, त मंग याच काठावर कसा?" मागं जाऊन पाहिलं, तर एक ओळ सुटली होती. त्या दिवशी पंतोजी घरी गेले ते गुणगुणत.

मग शाळा तपासायला डिपोटी साहेब येणार असा निरोप आला. पोरं कमी, म्हणून शाळा उठवायची की ठेवायची ते त्यांच्या हातात. खुशालराव पाटील शाळेत आले, थोडा वेळ आमचं वाचन ऐकलं.

"पंतोजी, पोट्टे असे अडून अडून काहून वाचतेत? माही गाडी बी चिखलात इतकी अडत नाई."

"अडतेत म्हनून त समजते त्यायले, पाटील."

"सायबाले कोन सांगन हे? शाळा उठली त सारे कापूस वेचाले जातीन. मंग कोनाले अडवसान? एक दिवस पळू द्या ना."

पंतोजींनी पणतीतली सरकी आपल्या मुठीत ओतून घेतली. शाळा सुटताना म्हणाले, "उद्या कोनी थांबू नका. समजो, न समजो."

दुसऱ्या दिवशी डिपोटींनी सत्तारला उभं केलं. त्याची ओळ पुन्हा सुटली. त्याला ते कळलं, मला दिसलं. तो थबकला आणि त्यानं पंतोजींकडं पाहिलं. पंतोजींनी मान हलवली: नाही. सत्तार वाचत गेला. डिपोटी म्हणाले, "वा! जीभ चांगली चालते." सुटलेली ओळ त्यांच्या लक्षातही आली नाही. शाळा राहिली. पाटलांनी गूळ वाटला.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कोंडाळी. सत्तारनं पान सरळ वाचून काढलं.

"काय झालं गोष्टीत?" पंतोजींनी विचारलं. त्याला सांगता येईना.

"मंग थांबला काहून नाई?"

"तुमी थांब म्हनून मुंडी हालवलीच नाई ना, पंतोजी."

तेव्हा कळलं. आम्ही सगळेच आता दर ओळीला त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो. त्यांच्या भुवया हलल्या की सरकी टाकायची, नाहीतर पुढं.

पंतोजींनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी ते आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. रोज. खुशालराव दारातून म्हणाले, "भित बी तुमचीच शिष्य का, पंतोजी?" पोरं हसली. पंतोजी वळले नाहीत.

दीड महिना असा गेला. एका सकाळी मी वाचता वाचता आपणहून थांबलो.

"कोन?" त्यांनी भिंतीकडूनच विचारलं.

"मी."

"मंग मांगं जा." आवाज नेहमीचाच होता, पण पाठ ताठ झाली.

आणखी दोघं-तिघं तसे आपणहून थांबण्याकडं परतले. सत्तार परतला नाही. त्याआधीच बापाबरोबर अचलपूरला पिंजायला गेला होता. तिकडं काम पुष्कळ होतं.

दिवाळीच्या सुटीत पंतोजी पायी अचलपूरला गेले, पुस्तक घेऊन. आठ दिवसांनी परत आले. टाचा फुटल्या होत्या. मी पाणी नेऊन दिलं आणि विचारलं, "सत्तार वाचते का, पंतोजी?"

"वाचते," ते म्हणाले. "माह्या तोंडाकडं पाहून वाचते."

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून दुसरी शाळा मागून घेतली. जिथं त्यांचं तोंड कुणी ओळखत नव्हतं अशी.