बाराच्या आतला गोळाभात

“काका, बाराच्या आत सगळ्यांचं जेवून व्हायला पाहिजे बरं,” संध्याताई म्हणाल्या. तेव्हा साडेदहा वाजले होते. साठ बायकांच्या पोळ्यांची कणीक परातीत कोरडीच होती.

मी आचारी. शाळा चौथीपर्यंत, मोठ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, मात्र चाळीस वर्षं. हे काम नागपूरपासून तासाभरावर, तलावाकाठच्या आंब्याच्या बागेत होतं. बौद्ध उपासिकांचं दोन दिवसांचं शिबिर, शनिवार-रविवार. फक्त बायका, झाडाखाली ध्यान आणि पूर्ण मौन. बोलायची मुभा एकट्या संध्याताईंना, कारण व्यवस्था त्यांच्याकडे.

“ताई, फोनवर तुम्ही बाराचं जेवण म्हटलं होतं.”

“बाराच्या आतलं म्हटलं होतं.”

“आमच्या लग्नात बाराचं म्हणजे दीडचं असते.”

“हे लग्न आहे का काका? बायकांनी अष्टशील घेतलं आहे. बारानंतर उद्या सकाळपर्यंत घास नाही.”

“मंग रात्रीचं?”

“रात्री काहीच नाही.”

आता सांगतो. पंचशील मला पाठ आहे. अष्टशीलात वर आणखी नियम येतात, त्यातला एक दुपारनंतर न जेवण्याचा. पण ते खातं माझ्या बायकोचं, सुमनचं. दर पौर्णिमेला ती रात्री जेवायची नाही. मला वाटायचं, ॲसिडिटी. मी मेडिकलमधून गोळ्या आणून द्यायचो. ती हसून डब्यात टाकायची. मागच्या वर्षी ती गेली. त्यानंतर घेतलेलं हे पहिलंच काम.

उशीर झाला तर साठ बायका माझ्यामुळे दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्याही होत्या.

पोळ्या लाटणारी लता म्हणाली, “भाऊ, दीड घंट्यात नाही होत. मी काय मशीन आहे?”

“लाटू नको वं. मिक्सर लाव.”

रात्रीच्या कढीगोळ्यांसाठी मी पहाटेच चण्याची डाळ भिजवून आणली होती. रात्रीचं जेवणच नाही म्हटल्यावर ती डाळ रिकामी पडली होती. डाळ जाडसर वाटली, तिखट-मीठ-हळद घातली, गोळे वळले. भात अर्धा शिजला की गोळे त्यातच सोडायचे आणि झाकण ठेवायचं. वाफेवर दोन्ही सोबत होतात. वरून हिंग-मोहरीची फोडणी. आमच्याकडे याला गोळाभात म्हणतात. एकच गंज, एकच चूल, लाटणं नाही.

घोळ मिठाचा झाला. कामावर मीठ नेहमी सुमन चाखायची. मी बोटावर घेतलं, कळलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं, तरी नाही. लताला म्हटलं, “तू चाखून पाय.” ती म्हणाली, “तोंडात तंबाखूचा खर्रा आहे भाऊ, मले काय कळते?” शेवटी अंदाजानं टाकलं.

सव्वाअकराला पंगत बसली. आयुष्यात एवढी शांत पंगत पाहिली नाही. कोणी ‘वाढा’ म्हणेना, कोणी ‘पुरे’ म्हणेना. हवं असलं की ताट पुढे सरकवायच्या, नको असलं की हात आडवा. मी फोडणीचं तेल घेऊन फिरत होतो आणि नुसती ताटं पाहत होतो. ताटं सरकतच राहिली.

बाराला दहा कमी असताना शेवटची बाई हात धुऊन उठली. गंजात खरवडीशिवाय काही नव्हतं. चाळीस वर्षांत माझी पंगत वेळेआधी कधी उठली नाही. ही उठली. मी सुमनशिवाय उठवली.

रविवारी दुपारी मौन सुटलं आणि बाग चिमण्यांसारखी किलबिलली. एक म्हातारी काठी टेकत चुलीशी आली.

“कालच्या भातात मीठ जराक कमी होतं गा.”

“मंग कालच काहून नाही सांगितलं आजी?”

“मौन होतं नं, येड्या! पण दोनदा घेतला मी.”

मीठ कमी म्हटल्यावर आचाऱ्याला राग यायला हवा. मला बरं वाटलं. सुमनही तोंडावर असंच सांगायची.

या धंद्यातल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. जेवण किती वाजता सुरू करायचं हे सगळेच विचारतात, किती वाजता संपवायचं तेही विचारावं. आणि घरात बायको रात्री जेवत नसेल, तर गोळ्या आणायच्या आधी तिला एकदा विचारावं.